पाल, जनावर आणि न सापडलेले गाव

जुलै २०२५ च्या अखेरीस शिरोळ तालुक्यातल्या नांदणीहून एक हत्तीण गुजरातला गेली. जिनसेन भट्टारक मठाची ही महादेवी. पंचक्रोशीत तिला माधुरी म्हणतात. तिचे पाय दुखरे झाले आहेत, सांधे धरले आहेत, कठीण जमिनीवर साखळीत वर्षे काढल्याने ही वेळ आली आहे, अशी तक्रार प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि महादेवी जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणिकेंद्रात पोचली. निरोप द्यायला गावेच्या गावे रस्त्यावर आली. ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत चालत गेले. रेटा वाढला तशी नांदणी परिसरातच हत्तींसाठी उपचार आणि पुनर्वसनाचे केंद्र उभारण्याची बोलणी सुरू झाली.

कोल्हापूरकरांना हे नवे नव्हते. जोतिबाच्या देवस्थानाला दिलेला सुंदर हत्तीही कोर्टकचेऱ्या होऊन २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बनेरघट्टा उद्यानात गेला होता. दोन्ही वेळी जनावराच्या पायांविषयी, खाण्याविषयी, दवाखान्याविषयी भरपूर बोलले गेले आणि ते योग्यच होते. ज्या माणसाने त्या जनावराशेजारी आयुष्य काढले त्याचे पुढे काय, हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला. हत्तिणीमागे मठ होता, श्रद्धा होती, संघटित समाज होता. अस्वलवाल्याचे अस्वल, माकडवाल्याचे माकड आणि गारुड्याचा नाग गेला तेव्हा एकही मोर्चा निघाला नाही. त्या जनावरांची सुटका व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जनावर सोडवले गेले आणि माणूस जिथे होता तिथेच, शिवाय रिकाम्या हाताने, उभा राहिला. महाराष्ट्रातल्या भटक्यांचा प्रश्न आपण या बाजूने फारसा पाहिलेला नाही.

अमेरिकन लेखिका रॉबिन हॉब यांच्या ‘रेन वाइल्ड्स क्रॉनिकल्स’ या २००९ ते २०१३ दरम्यान आलेल्या चार कादंबऱ्यांत अशीच एक यात्रा आहे. ड्रॅगन जन्मतात, पण अधू. पंख आहेत, उडता येत नाही. शिकार करता येत नाही, माणसांनी भरवावे लागते. गावाला त्यांचा खर्च जड होतो. त्याच गावात अंगावर खवले घेऊन जन्मलेली काही पोरे आहेत, जी जगायलाच नको होती असे लोकांना वाटते. तेव्हा गाव या पोरांना त्या ड्रॅगनांचे राखणदार नेमते आणि नदीच्या वरच्या अंगाला, केलसिंग्रा नावाच्या हरवलेल्या शहराकडे, दोघांनाही पाठवून देते. शहर आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसते. कल्पनेतल्या या गोष्टीत एक गोष्ट अगदी खरी आहे: ज्यांचे ओझे वाटते त्यांची एकमेकांशी गाठ घालून समाज त्यांना वेशीबाहेर काढतो. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या घडले आहे, आणि आपल्या गोष्टीत शहर अजून यायचे आहे.

कोण कोणाबरोबर चालत होते ते आधी पाहू. कैकाड्यांची आणि वडारांची गाढवे, बंजाऱ्यांचे मीठ-धान्य वाहणारे लमाणी बैल, दरवेशांची अस्वले, माकडवाल्यांची माकडे, गारुड्यांचे नाग, घिसाड्यांचे गाडीचे बैल, वैदूंची कुत्री. कोल्हापुरात आजही एका वस्तीला माकडवाला वसाहत म्हणतात. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर चालते. मुले, भांडी, फोक, पालाचे कापड, सगळे त्या एका पाठीवर. गाढव आजारी पडले की बिऱ्हाड थांबते, आणि थांबलेल्या बिऱ्हाडाला गाव विचारते की अजून का गेला नाहीत.

यात नंदीवाल्यांचा संसार मला फार बोलका वाटतो. गुबगुबीवर काठी घासली की घुमणारा तो आवाज, आरशांची झूल, शिंगांना गोंडे, आणि मालकाच्या प्रश्नावर मान हलवणारा बैल एवढे आपण पाहिलेले असते. बैलाला शिकवताना काय काय करावे लागते ते आपण पाहत नाही. जमिनीवर उताणे पडलेल्या माणसाच्या अंगावर पाय ठेवायचा आणि भार टाकायचा नाही, हे शेकडो किलोच्या जनावराला समजावून सांगणे म्हणजे दोघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा बसणे. शेतकऱ्याच्या गोठ्यात कधी पाठीवर जादा पाय लोंबणारे, वशिंडापाशी वेडावाकडा मांसाचा गोळा असलेले वासरू जन्मते. औताला त्याचा उपयोग नाही, घरात ठेवणे अशुभ वाटते. असे वासरू भटक्याच्या हाती जाते, आणि गोठ्यात जे अपशकुनी ठरले तेच झूल चढवून दारोदार देव म्हणून फिरते. गावाने टाकलेल्या माणसाने गावाने टाकलेले जनावर सांभाळायचे आणि दोघांनी मिळून त्याच गावाला आशीर्वाद द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

फासेपारध्यांचे तंत्र याहून वेगळे. कातड्याच्या किंवा तातीच्या फाशांची रांग दोरीला बांधून पायवाटेवर, गवतात लावायची. मग शिकवलेली गाय पुढे घालायची. गाय चरत चरत सरकते, तिच्या कडेला वाकलेला पारधी तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकतो. हरणांना आणि तित्तिरांना गायीची भीती नसते. ती हळूहळू, न उधळता, फाशांच्या दिशेने सरकतात. या शिकारीत ना धावपळ आहे, ना आरडाओरडा. गायीला कधी थांबायचे ते कळते आणि माणसाला पाखरू कधी बिचकते ते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्यांचा अभ्यास करून दाखवले, की एकाच माळरानावर फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार वाटून घेतली होती. पारध्यांनी फाशांनी हरणे आणि पाखरे धरायची, नंदीवाल्यांनी कुत्री घालून रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारायची, वैदूंनी मुंगूस-उदमांजरासारखे छोटे प्राणी, शिवाय पाण्यातली कासवे नि खेकडे धरायचे. एकाने दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही. ज्यांना आपण उनाड म्हणत आलो त्यांच्याकडे रानाचा असा हिशेब होता. हा हिशेब फार आदर्श होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या तळाशी जातीची उतरंड होतीच. पण तो हिशेब होता आणि आपण तो मोडला तेव्हा त्या जागी दुसरा मांडला नाही.

आता शहराकडे. भटक्यांना गावच नसते ही आपली समजूत. खरे तर बहुतेक जमातींच्या मनात एक गाव असते, मागे राहिलेले किंवा पुढे मिळणारे. गाडिया लोहारांची कथा यात सर्वांत ठसठशीत. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड घेतले तेव्हा गड सोडून निघालेल्या लोहारांनी शपथ घेतली म्हणतात: गड परत मिळेपर्यंत पक्क्या घरात राहायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही, खाट सुलटी टाकायची नाही. जवळजवळ चारशे वर्षे हे लोक बैलगाडीत जन्मले आणि बैलगाडीतच मेले. १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू स्वतः त्यांना घेऊन चित्तोडगडात गेले आणि शपथ फिटली असे जाहीर झाले. हरवलेल्या शहराचा दरवाजा खरोखर उघडला गेल्याचे हे आपल्या देशातले विलक्षण उदाहरण. पुढे काय झाले? आत जाऊन पोट भरण्याचे साधन नव्हते. वसाहती निघाल्या, त्यातल्या कित्येक ओस पडल्या आणि असंख्य कुटुंबे पुन्हा गाडीकडे वळली. महाराष्ट्रातले घिसाडीही आपले मूळ राजस्थान-गुजरातकडे सांगतात. कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांच्या कडेला भाता लावून विळे-कुऱ्हाडी शेवटणारी त्यांची बिऱ्हाडे अजून दिसतात.

महाराष्ट्रातल्या भटक्यांचे गाव म्हणजे पाथर्डी तालुक्यातली मढी. कानिफनाथांच्या समाधीचा तो गड बांधायला गोपाळ, कैकाडी, वैदू अशा भटक्यांनी आपल्या जनावरांवरून दगड-चुना वाहिला, म्हणून तिथे त्यांचा मान आहे, गोपाळांच्या होळीचा मान तर आजही सांगितला जातो. होळी ते रंगपंचमी या दिवसांत मढीला भटक्यांची राजधानी भरते. सोयरिकी जमतात, जातपंचायती बसतात, गाढवांचा बाजार होतो. जातपंचायतींनी बायकांवर आणि गरिबांवर केलेले अन्याय ठाऊक असल्यामुळे मी या चित्रात रमणार नाही. तरी वर्षातले काही दिवस का होईना, ज्यांना कुठेच नाव नाही त्यांना मानकरी म्हणून हाक मारली जाते, ही गोष्ट लहान नाही. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजारही असाच. काठेवाडी गाढवे तिथे विकायला येतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास असलेली गाढवे २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. साठ टक्क्यांहून जास्त घट. गाढव संपले की पालातला माणूस पाठीवर ओझे घेतो किंवा वीटभट्टीची उचल घेतो.

कोल्हापूरचे स्वतःचे हरवलेले शहर पंचगंगेच्या काठावर आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळचे नांदते शहर वर आले. इथल्या रोमन कांस्यवस्तूंतली पोसायडनची छोटी मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापलीकडच्या देवाला पंचगंगेकाठी जागा मिळाली, ती कुणीतरी बैलांच्या तांड्याबरोबर घाट चढून आला म्हणून. घर बांधणाऱ्याचे टेकाड होते. पालात राहणाऱ्याचे होत नाही. तीन दगडांची चूल पावसात वाहून जाते. म्हणून भटक्यांचा इतिहास जमिनीत शोधून मिळत नाही, तो कायद्यांच्या कागदांत आणि पोलिसांच्या वह्यांत शोधावा लागतो.

त्या वह्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उघडल्या. आधी उत्तरेत आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. रेल्वे आल्यावर लमाणांच्या बैलांचे काम गेलेच होते. आता फिरणेच गुन्हा झाले. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. आतल्यांनी गिरण्यांत राबायचे आणि हजेरी द्यायची. कुंपणाच्या आत माणसाला कशीबशी जागा होती, त्याच्या फिरत्या जनावराला नव्हती. माणूस आणि जनावर यांची कायद्याने झालेली ही पहिली ताटातूट म्हणता येईल.

याच काळात कोल्हापूर संस्थानात निराळे काही घडत होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली. रोज चावडीवर जाऊन ‘मी गावातच आहे’ असे सिद्ध करण्याची सक्ती गेली. ज्यांच्या नावावर दरोडे-चोऱ्यांचा शिक्का होता त्या फासेपारध्यांना महाराजांनी बोलावून घेतले, राहायला जागा दिली, बांधकामावर आणि रखवालीवर कामे दिली. ज्यांच्यापासून राखण करायची असे सगळे म्हणत होते त्यांच्याच हाती राखण सोपवली, यातले धाडस आज शंभर वर्षांनीही पुरते आपल्या ध्यानात आलेले नाही. आपला एकही जिल्हा आज पारध्याला ट्रेझरीचा पहारेकरी नेमणार नाही.

महाराजांचा जनावरांचा शौकही या चित्राचा भाग आहे. कोल्हापूरजवळ सोनतळीला असलेल्या त्यांच्या कॅम्पात माणसांबरोबर जनावरेही होती. शाहूंच्या आणि नंतर राजाराम महाराजांच्या काळात काळविटांची शिकार चित्ते सोडून होई. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी, गळ्यात आणि कमरेत पट्टा, गाडीवर शेजारी चित्तेवान. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. काही सेकंदांची धाव, मग धुरळा. चित्त्याने काळवीट धरले की चित्तेवान घाईने पोचणार, लाकडी पळीत रक्त किंवा मांसाचा तुकडा पुढे करणार, आणि जनावर त्यात गुंतले की हलकेच पुन्हा टोपी घालणार. मारझोडीने हे साधत नाही. चित्ता बंदिवासात सहसा विणत नाही, आणि आईकडून शिकार न शिकलेले पिल्लू कुचकामी ठरते. म्हणून मोठी जनावरे रानातूनच धरून आणावी लागत. देशात ठिकठिकाणी ती धरणारे पारधीच होते. चित्ते ज्या झाडांपाशी खेळायला, नखे घासायला येतात तिथे फासे लावत. पुढे देशी चित्ते मिळेनात तेव्हा कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून आणवले.

यात राजाची हौस होती आणि तिची किंमत जनावरांनी मोजली, हे स्पष्टच म्हणायला हवे. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने शेवटचे तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून संपल्याचे जाहीर झाले. योगायोग असा, की त्याच १९५२ च्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे काचेमागे उभी आहेत आणि पर्यटक त्यांच्यासमोर घुटमळतात. त्या पशूंना धरणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री त्यांच्याशेजारी झोपणाऱ्या माणसांचा इतिहास अजून कुणीतरी नीट लिहायचा आहे. शाहूंच्या धोरणातला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग एवढाच: माणसाचे कसब ओळखून त्याला त्या कसबासकट जागा दिली गेली. ‘आधी तू तुझे सगळे सोड, मग तुला माणूस म्हणू’ अशी अट घातली गेली नाही.

स्वतंत्र भारताने नेमकी तीच अट घातली. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनी नजर नव्या नावाने चालू राहिली. त्याच वर्षीच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत करून पैसे मागणे हे सगळे भिकेत धरले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, सिंह, बिबळ्या यांचे खेळ बंद झाले. यातला प्रत्येक प्राणीविषयक निर्णय मला पटतो. अस्वलाच्या नाकाडात तापलेली सळई घालून वेसण ओवलेली ज्याने पाहिली आहे, दात काढलेला, तोंड शिवलेला नाग ज्याने पाहिला आहे, तो परंपरेच्या नावाने याचे समर्थन करणार नाही. पण हे निर्णय एकापाठोपाठ एक त्याच माणसांच्या अंगावर येत गेले आणि कुठल्याच निर्णयासोबत ‘या माणसाने उद्यापासून काय करावे’ हे कलम आले नाही.

अस्वलांच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरे घडले. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने आग्रा आणि इतर ठिकाणी आश्रयकेंद्रे काढली, अस्वले नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना जनावर सोपवण्याच्या बदल्यात धंद्याला भांडवल आणि मुलांना शाळा दिली. डिसेंबर २००९ मध्ये देशातले शेवटचे नाचणारे अस्वल सोडवले गेले. माणसाचा विचार योजनेत धरला म्हणून ही मोहीम यशस्वी झाली.

बैलाची गोष्ट उलट गेली. २०११ मध्ये खेळ करवण्यास बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचे नाव घातले गेले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. मग पश्चिम महाराष्ट्र पेटला. आमदार-खासदार मैदानात उतरले, विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. शर्यतीच्या बैलाला कायदा मिळाला, कारण त्याचा मालक मतदार आहे, बागायतदार आहे. नंदीवाल्यासाठी कुणी विधेयक आणले नाही. त्याला आज गावात शिरतानाच संशयाने अडवतात.

आणि चित्ता? सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आले. थकलेली, परक्या हवेतली जनावरे. काही महिन्यांत त्यातली काही दगावली, काहींना गळपट्ट्याखालच्या जखमा चिघळून जंतुसंसर्ग झाला. हे कुनो मोकळे कसे झाले? गीरचे सिंह आणायचे म्हणून चित्ते येण्याच्या विसेक वर्षे आधी तिथली चोवीस गावे उठवली गेली. त्यात राहणारे बहुतेक सहरिया आदिवासी. सिंह आलेच नाहीत. जनावरासाठी स्वप्ननगरी वसवायची आणि त्या रानाची माहिती असलेल्या माणसालाच तिथून हलवायचे, अशा रीतीने आपण हा प्रश्न दोन वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकला आहे. वनखाते जनावराचे, समाजकल्याण माणसाचे. दोन्ही खात्यांच्या फायली एका टेबलावर येत नाहीत.

जिथे आल्या तिथे काय होते याची उदाहरणे आहेत. तमिळनाडूत सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर इरुळा जमात उघड्यावर पडली होती. १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था निघाली. साप धरायचा, विष काढायचे, ठरावीक काळानंतर त्याला परत रानात सोडायचे. देशात सर्पदंशावरचे प्रतिविष बनते त्यासाठी लागणारे बरेचसे विष या संस्थेतून येते. २०१७ मध्ये दोन इरुळा फ्लोरिडाला गेले. तिथल्या दलदलीत माजलेले अजगर यंत्रांना आणि तज्ज्ञांना सापडत नव्हते. यांनी पहिल्या दोन आठवड्यांत तेरा धरले. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या इरुळांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे विदर्भात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ने कारंजा-अकोल्याच्या माळरानावर फासेपारध्यांनाच तणमोराचे राखणदार केले. तणमोर गवतात कुठे घरटे करतो हे ज्याच्या आजाला फासे लावण्यासाठी ठाऊक होते, त्याच्या नातवाला ते अंडी वाचवण्यासाठी उपयोगी पडते. पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवतात. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या, साखर आणि दुधाच्या संघांनी गजबजलेल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात इरुळांसारखी एकही संस्था उभी राहिली नाही, याची मला खरोखर खंत वाटते. बत्तीस शिराळा इथून हाकेच्या अंतरावर आहे. नागाविषयी एवढी जाण आणि एवढे प्रेम असलेल्या प्रदेशात नागपंचमीला जिवंत नाग धरण्यावरच्या कोर्टाच्या बंदीवरून दरवर्षी वाद होतो, आणि ती जाण कामाला लावणारी योजना निघत नाही.

मुक्कामाची जागा हा प्रश्नाचा दुसरा अर्धा. पालाला जागा मिळत आली ती गावाच्या गायरानात. गायरान हीच अशी जमीन होती जिथे भटक्याचे जनावर चरू शके आणि त्याचा हक्क कुणी विचारत नसे. गायराने आटली. योजनांना गेली, धनदांडग्यांनी खाल्ली, गरिबांनी घरे बांधली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणे काढायला सांगितल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात मोठे आंदोलन झाले. राज्याने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली: एक हेक्टरमध्ये वीस कुटुंबे, प्रत्येकाला पाच गुंठे आणि २६९ चौरस फुटांचे घर. कागदावर ही योजना मला फार चांगली वाटते, कारण पाच गुंठ्यांत शेळी, गाढव, कोंबड्यांनाही जागा होते. अडते ते जमिनीपाशी. ग्रामपंचायतीला ठराव करावा लागतो आणि ‘हे आमच्या गावात नकोत’ या एका वाक्यावर तो बारगळतो. जातीचा दाखला मागताना १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्याला एका गावात मुक्काम करू दिला नाही त्याच्याकडे त्या गावचा कागद मागायचा, हा छळच आहे.

हे ‘नकोत’ कुठपर्यंत जाते ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, पोरे पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. भिक्षेकरी म्हणून दारात आलेला माणूस ओळखीचा असण्याची जी जुनी रीत होती, नंदीवाला दरसाल त्याच गावात येणार, पाटलाला नावाने ओळखणार, ती मोडली की उरतो तो नुसता अनोळखी चेहरा. जनावर बरोबर असताना या माणसाला निदान एक ओळख होती.

फिरणे मात्र थांबलेले नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या कारखान्यांवर येतात. कितीतरी जण बैलजोडी घेऊन येतात. त्यांत बंजारा आणि वंजारी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. कारखान्याच्या कडेला कोप्या पडतात, पहाटे तीनला बैल जुंपले जातात, ओव्हरलोड गाडी चढाला लागली की जोडीतला एक बैल गुडघ्यावर येतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ना माणूस मोकळा, ना बैल. माणूस आणि जनावर बरोबर चालण्याची ही आजची सर्वांत मोठी यात्रा कोल्हापूरच्याच दारात येते आणि मार्च-एप्रिलात परत जाते. बैलाच्या मानेवरच्या जखमेसाठी डॉक्टर आणि कोपीतल्या पोरासाठी शाळा एकाच कारखान्याच्या आवारात ठेवायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची आहे?

२०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच भटक्या-विमुक्तांची संख्या नीट कळण्याची शक्यता आहे. रेणके आयोगाने २००८ मध्ये ती देशात दहा कोटींच्या पुढे अंदाजली होती. मोजणीदार पालापर्यंत पोचला पाहिजे, आणि त्याने जमातीच्या नावाबरोबर परंपरेचा व्यवसाय आणि जनावर यांचीही नोंद घ्यावी असा आग्रह भटक्यांच्या संघटनांनी आत्ताच धरायला हवा. नांदणीला केंद्र झाले तर त्यात माहुतांना पगारी, कायम नोकरी आणि पशुवैद्यकाचे प्राथमिक शिक्षण मिळावे. जिल्ह्यातल्या माकडवाल्या, गारुडी, नंदीवाल्या, फासेपारधी घरांतल्या मुलामुलींना जनावरांच्या सेवेचा अभ्यासक्रम तिथेच सुरू व्हावा, आणि केंद्राला लागून मुक्त वसाहतीच्या एका हेक्टरचा ठराव नांदणी पंचक्रोशीतल्या एखाद्या ग्रामपंचायतीने करावा. हत्तिणीसाठी जे लोक कोल्हापूरपर्यंत चालत आले त्यांच्यात एवढा ठराव करून घेण्याची ताकद नक्की आहे.